ओळखीचं गाव आणि अनोळखी माणूस

(एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी बसलेले नाही. मी लग्न होऊन या गावात आले आणि त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायला लागले. तोवर ते निवृत्त झाले होते, पण संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर हमखास भेटायचे. आज त्यांच्या नावाने बोलायचं तर गुळमुळीत बोलून चालणार नाही, हे मला ठाऊक आहे.

समितीने विषय दिला तो ‘लहान गावात राहण्याचे फायदे-तोटे’ असा. हा प्रश्न आपल्या घरांतून दरवर्षी बारावीच्या निकालानंतर निघतो आणि पुन्हा कुणाच्या तरी निवृत्तीच्या वेळी निघतो. मुलगी पुण्याला शिकायला गेली तर परत येईल का? डोंबिवलीची जागा विकून आता गावी जाऊन राहावं का? त्यावर जी चर्चा होते ती हवा, पाणी, भाडं, भाजी, डॉक्टर, ट्रॅफिक अशी पुढे सरकते. त्या चर्चेत खोटं काही नसतं. पण एक गोष्ट तिच्यात क्वचितच येते, आणि मला वाटतं बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ती गोष्ट म्हणजे ओळख. लहान गावात जे सुख मिळतं ते ओळखीने मिळतं, आणि जो जाच होतो तोही ओळखीनेच होतो.

लहान गाव म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे खेडं नाही. तहसील कचेरी, एसटीचं आगार, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय, दोन-तीन हायस्कुलं, एखादं कॉलेज, आठवडा बाजार आणि नगरपरिषद असलेलं आपल्यासारखं गाव मी धरते. वस्ती पंचवीस हजारांपासून फार तर लाखापर्यंत; म्हणजे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे ‘क’ किंवा ‘ब’ वर्गात बसणारं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ४५ टक्के लोक नागरी वस्तीत राहतात असं निघालं. हे वाचून आपण मुंबई, पुणे, नागपूरच मनात आणतो. पण त्या ४५ टक्क्यांत आपणही आहोत. आपल्यासाठी वेगळा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. खेड्यांच्या योजना वेगळ्या, महानगरांच्या वेगळ्या; मधली गावं दोन्हीकडून निसटतात.

आपल्या स्टँडवर सकाळी साडेनवाच्या सुमारास उभे राहा. आजूबाजूच्या गावांहून गाड्या येऊन लागतात. ड्रायव्हरच्या सीटमागे, इंजिनाच्या बाजूला पिशव्या ठेवलेल्या असतात. कुणाची कापडी, कुणाची कपड्यांच्या दुकानातली, गाठ मारलेली, वर बॉलपेनने मुलाचं नाव आणि ‘आयटीआय’ किंवा ‘कॉलेज’ असं लिहिलेलं. आत डबा. पहाटे उठून आईने भाकरी केलेली असते आणि फाट्यावर गाडी थांबवून पिशवी वर दिलेली असते. इथे खोली घेऊन शिकणारी पोरं स्टँडवर येतात आणि आपापली पिशवी उचलून जातात. पावती नाही, पैसे नाहीत. गाडी उशिरा आली तर कंडक्टर पिशव्या उतरवून कंट्रोलरच्या खिडकीशी ठेवून जातो. मी इतकी वर्षं या गावात आहे, डबा चोरीला गेल्याचं ऐकलेलं नाही. कित्येक मुलांचं शिक्षण या पिशव्यांवर झालं आहे. मेस परवडली नसती म्हणून ज्यांना घरी बसावं लागलं असतं, ती आज कुठे कुठे नोकरीला आहेत.

असं आणखी सांगता येईल. आपल्याकडे निम्म्या घरांत आता म्हातारी माणसं एकटी राहतात. मुलं गणपतीला आणि शिमग्याला येतात. त्या माणसांची रक्तदाबाची गोळी संपत आली की मेडिकलवाल्याला आधी कळतं. दोन दिवस कुणी अंगणात दिसलं नाही तर शेजारची बाई कडी वाजवते. किराणावाल्याच्या वहीत उधारी लिहिली जाते आणि पेन्शन झाली की फिटते. महानगरात हे सगळं पैसे मोजून मिळवावं लागतं; मोजूनही मिळतंच असं नाही. या गोष्टींना मी भावुकपणे चांगलं म्हणत नाही. माझ्या सासूबाई शेवटची वर्षं अंथरुणावर होत्या, तेव्हा मी शाळेत जाऊ शकले ती या गावामुळे. हे ऋण माझ्यावर आहे.

आता दुसरी बाजू, तीही याच गावातली.

आमच्या शाळेत एक तरुण शिक्षिका रुजू झाली, विदर्भातून आलेली. तिला खोली बघायला मी बरोबर गेले. पहिल्या घरी बाईंनी खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, डिपॉझिट सांगितलं, चहा ठेवला. मग विचारलं, “आडनाव काय म्हणालात?” तिने सांगितलं. चहा झाला, पण बाई म्हणाल्या, “यजमानांना विचारून कळवते.” दुसऱ्या घरी आम्हाला आत बोलावलं, तिथेही आडनावापाशीच बोलणं थांबलं. तिसऱ्या घराची पायरी आम्ही चढलो, तेव्हा दारातच उत्तर मिळालं की खोली कालच दिली. त्या घरावरची ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी पुढे महिनाभर तशीच होती. आमच्या आधी तिथे फोन पोचला होता. ज्या चपळाईने हे गाव आजारी माणसाच्या दारी डबा पोचवतं, त्याच चपळाईने एका मुलीची जात तिच्याआधी तिसऱ्या घरी पोचली. ती मुलगी शेवटी एका नर्सबाईंच्या घरी राहिली आणि दोन वर्षांत बदली मागून गेली. गणित फार छान शिकवायची. आपल्या मुलांचं काय गेलं, ते मला माहीत आहे.

म्हणून फायदे एका रकान्यात आणि तोटे दुसऱ्या रकान्यात मांडायला मी तयार नाही. ते एकाच मुळातून आले आहेत. ज्याची ओळख आहे त्याला हे गाव तळहातावर झेलतं. ज्याची नाही, किंवा ज्याची ओळख गावाला नको आहे, त्याला ते उभं राहू देत नाही.

कोकणातल्या माणसाने हे बोलताना महाडकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सावित्रीच्या काठचं हे आपल्यासारखंच व्यापारी गाव. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण ठरावानंतर तीन वर्षं त्या तळ्यावर कोणी अस्पृश्य माणूस पाणी भरायला जाऊ शकला नाही. पालिकेचा ठराव काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला पाणी भरू द्यायचं नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. लहान गावात चालतो तो दुसरा नियम.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर काही तासांत काय झालं ते आज मुद्दाम सांगते, कारण त्यात लहान गाव पुरतं दिसतं. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली. कुणी खात्री केली नाही. गाव लहान, वाऱ्यासारखी बातमी पसरली, जमाव जमला आणि मंडपात जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. त्याच गावात काही मुसलमान कुटुंबांनी आपली दारं उघडली आणि मार खाणाऱ्यांना आत घेतलं. पुढे तळं ‘शुद्ध’ करण्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला मंडप घालायला हिंदू गावकऱ्यांकडून जागा मिळाली नाही. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. तळं खासगी मालकीचं आहे असा दावा कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला.

पण याच महाडात सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंत विनायक चित्रे जन्माने सवर्ण होते आणि बाबासाहेबांच्या बाजूने उभे होते. टिपणीस तर नगरपालिकेचे अध्यक्ष होते. मोठ्या शहरात अशी बाजू घेणारा माणूस संध्याकाळी गर्दीत मिसळून जातो. टिपणीसांना दुसऱ्या दिवशी त्याच बाजारपेठेतून जायचं होतं, त्याच आळीत राहायचं होतं, त्याच नातलगांच्या लग्नकार्यांना जायचं होतं. लहान गावात विरोधात उभं राहण्याची किंमत रोज मोजावी लागते. म्हणून तिथे उभं राहिलेल्या एका माणसाचं वजन मला फार वाटतं.

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाण्याविरुद्ध फार कडक शब्द वापरले. पुष्कळांना ते आजही लागतात. ज्या माणसाने महाड पाहिलं होतं, त्याने दुसरं काय म्हणायचं होतं? आणि हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणू नये. जातपंचायती आणि गावक्या आजही माणसं वाळीत टाकतात, म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. वाळीत टाकण्याच्या तक्रारींत आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्याचं नाव वारंवार आलं. असा बहिष्कार महानगरात तितका चालत नाही, कारण एकाने दळण दिलं नाही तर माणूस पुढच्या गिरणीत जातो. आपल्याकडे गिरणी एकच असते.

मग इथे राहावं कशासाठी, असं तरुण श्रोत्यांच्या मनात आलं असेल. मी इथे राहिले आहे आणि राहणार आहे, तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे. काही लहान गावांनी अनोळखी माणसाला जागा दिली, आणि त्या जागेतून जे उभं राहिलं ते महानगरांनाही जमलं नव्हतं.

खानदेशातलं अमळनेर घ्या. बोरी नदीच्या काठचं, प्रताप मिलचं गाव. तिथे श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापडगिरणीच्या गावात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था! पुढे काही वर्षांनी त्या संस्थेसाठी आपल्या दापोलीजवळच्या पालगडचा एक गरीब, बुजरा तरुण तिथे गेला आणि पुढच्या वर्षी तिथल्याच शाळेत मास्तर झाला. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं घालणारे, त्यांचे कपडे धुणारे साने गुरुजी अमळनेरने घडवले असं मी म्हणणार नाही. पण त्यांना घडायला जागा अमळनेरने दिली. १९३० मध्ये ते सत्याग्रहासाठी शाळा सोडून गेले, तोवर अमळनेर हेच त्यांचं गाव झालं होतं. याच अमळनेरात १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी वनस्पती तेलाचा कारखाना काढला. तीच पुढची विप्रो. गावातल्या साध्या माणसांनी कंपनीचे शेअर घेतले, पिढ्यांपिढ्या सांभाळले आणि त्यावर घरं बांधली, मुलं शिकवली. आलेल्या माणसावर आणि त्याच्या धंद्यावर गावाने विश्वास टाकला, त्याचं हे फळ.

वाईचंही तसंच. प्राज्ञपाठशाळेत धुळ्याकडच्या पिंपळनेरचा एक मुलगा शिकायला आला आणि वाईचाच झाला. ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांनी हाती घेतलेलं मराठी विश्वकोशाचं काम मुंबईत किंवा पुण्यात चालावं असं कुणालाही वाटलं असतं. ते कृष्णेकाठच्या या गावात बसून झालं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि खंडामागून खंड वीसपर्यंत गेले. इतक्या प्रदीर्घ कामाला लागणारी सलगता लहान गाव देऊ शकतं. घरून कचेरीत चालत दहा मिनिटांत, दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी घाटावर. माणसाच्या दिवसाचे तीन-चार तास लोकलमध्ये गेले नाहीत, तर ते कुठेतरी उमटतात.

ही तीन माणसं त्या गावांची नव्हती. त्यांना आत घेणारं काहीतरी तिथे होतं: एक पाठशाळा, एक तत्त्वज्ञान मंदिर, एक शाळा, एक बाजारपेठ. अशी दारं नुसत्या ओळखीवर उघडत नाहीत. माझं सांगणं एवढंच आहे, की लहान गाव राहण्याजोगं आहे की नाही हे तिथल्या सार्वजनिक संस्थांवरून ठरतं. हवा-पाणी चांगलं असून भागत नाही.

चिपळूणचं उदाहरण तुम्हा सगळ्यांच्या जवळचं आहे. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या जुलैत पूर आला, पुस्तकं भिजली. गावाने वाचनालय परत उभं केलं, आणि २०१३ च्या जानेवारीत अखिल भारतीय साहित्य संमेलन चिपळुणात भरवलं. पुढे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने पुन्हा गाव बुडवलं. पाणी ओसरल्यावर चिखलाने जड झालेली, पानं एकमेकांना चिकटलेली पुस्तकं ज्यांनी बाहेर काढली आहेत, त्यांना तो वास जन्मभर विसरता येणार नाही. आपल्यातलेही काही जण मदतीला गेले होते. त्या दिवसांत अनोळखी घरातला गाळ उपसताना कुणी आडनाव विचारलं नाही. पुढे जे झालं ते मला याहून महत्त्वाचं वाटतं. नागरिकांनी बचाव समिती केली, वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केलं, पूररेषेचे नकाशे शिकून घेतले, धरणांच्या पाण्याचे प्रश्न विचारले. कोयनेच्या वीजघरांतलं पाणी कोळकेवाडीवरून वाशिष्ठीतच येतं, हे किराणा दुकानदारही आकड्यांसकट सांगू लागला. ओळखीच्या माणसांनी एकत्र येऊन गावातल्या प्रत्येकासाठी हक्क मागितला. हे लहान गावातच इतक्या लवकर होऊ शकतं.

उणिवांची यादी लांब आहे. तिच्यात मी फार शिरत नाही, कारण ती तुम्ही रोज जगता. रात्री छातीत दुखलं तर १०८ ची गाडी येते, पण पुढे कुठे न्यायचं हा प्रश्न उरतो. हृदयरोगाचा डॉक्टर घाटापलीकडे किंवा मुंबईला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. त्या रस्त्याबद्दल इथे मी आणखी काही बोलावं अशी गरज नाही. शिकलेल्या मुलीला इथे कामाच्या वाटा दोन-तीनच. त्याच्या जोडीला, ती कुणाशी बोलली, किती वाजता आली, गाडीवर कुणाच्या मागे बसली, याचा हिशेब ठेवणारे डोळे. माझ्या कितीतरी हुशार विद्यार्थिनी परत आल्या नाहीत. पगारासाठी आल्या नाहीत असं त्यांचे आईवडील सांगतात. मुली मला वेगळं सांगतात. पुण्यात आम्ही कोण आहोत हे कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे श्वास घेता येतो, असं त्या म्हणतात. त्यांना चंगळ नको आहे. संध्याकाळी सात वाजता वाचनालयातून एकटीने घरी चालत जाता यावं आणि त्याची बातमी होऊ नये, एवढंच हवं आहे.

नगरपरिषदेच्या निवडणुकीत आपल्याकडे पन्नास-साठ मतांनीही माणूस पडतो. म्हणजे एका आळीने मनावर घेतलं तर कारभार बदलतो. ही ताकद महानगरातल्या मतदाराकडे नाही. पण मत मागायला येणाऱ्याला आपण गटार आणि आपल्या दारापुढचा दिवा यांपलीकडे काही विचारतो का? रुग्णालयातली रिकामी पदं, बाहेरून आलेल्या नोकरदार मुलींसाठी वसतिगृह, स्टँडवरचं स्वच्छतागृह, हे विचारायला हवं. उमेदवार आपल्या ओळखीचा असतो, म्हणून आपण संकोचतो. तो संकोच आपल्याला फार महाग पडतो.

आता शेवटी एक मागणी, आणि ती याच सभागृहात बसलेल्या कार्यकारिणीकडे आहे. आपल्या वाचनालयाच्या सभासद अर्जावर खाली दोन जुन्या सभासदांच्या ओळखीच्या सह्या लागतात. हा नियम पुस्तकं बुडू नयेत म्हणून केला गेला, हे मला मान्य आहे. पण औद्योगिक वसाहतीत काम करणारा बिहारचा मुलगा, नव्याने रुजू झालेली तलाठी, शिरगणतीत आपल्यात मोजली गेलेली पण आपल्या ओळखीची नसलेली असंख्य माणसं त्या दोन सह्यांपाशी परत फिरतात. गेल्या पावसाळ्यात असा एक मुलगा काउंटरवरून परत जाताना मी पाहिला. त्याला इलेक्ट्रिशियनच्या परीक्षेचं पुस्तक हवं होतं. अनामत रक्कम घ्या, आधार कार्डाची प्रत घ्या, पहिले सहा महिने एकच पुस्तक द्या. काहीही करा, पण त्या दोन सह्या काढून टाका. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन कोण देणार, ते आज इथून जाण्यापूर्वी मला सांगा.